उद्याची नगरे (लेखांक सहावा) : सोळाव्या वर्षीचा फैसला

गेल्या लेखांकात ‘द हंगर गेम्स’च्या रक्तरंजित आखाड्यातून बाहेर पडताना ज्या दुसऱ्या चित्रपटाचा ओझरता उल्लेख केला होता, त्या ‘डायव्हर्जंट’कडे आता वळावयाचे आहे, आणि हे वळणे डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहूनच करावे असे मला वाटते, कारण या चित्रपटातील ज्या प्रसंगाने परमुलखातील तरुण प्रेक्षकांच्या अंगावर रोमांच उभे केले, तो धावत्या आगगाडीत उडी घेण्याचा प्रसंग येथील प्रेक्षकास अद्भुत वाटण्याचा संभव फारच थोडा आहे.

व्हेरॉनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेने विद्यापीठात शिकत असतानाच लिहावयास घेतलेली ही कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली, पुढील दोन वर्षांत ‘इन्सर्जंट’ आणि ‘अलीजंट’ हे तिचे उत्तरभाग आले, आणि नील बर्गर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१४ मध्ये पडद्यावर आला. युद्धानंतर उरलेल्या शिकागो नगरीत, कुंपणाच्या आत, सारी प्रजा पाच पंथांत विभागलेली आहे: राज्यकारभार निःस्वार्थींच्या हाती, नगराचे रक्षण निर्भयांकडे, विद्या ज्ञानोपासकांकडे, न्याय सत्यवाद्यांकडे आणि शेती स्नेहशीलांकडे. सोळाव्या वर्षी प्रत्येकाची एक चाचणी होते आणि त्यानंतर, भरल्या सभेत, करडे दगड, पाणी, निखारे, काच आणि माती यांनी भरलेल्या पाच पात्रांपैकी एकात आपल्या रक्ताचा थेंब टाकून त्याने आपला पंथ जाहीर करावयाचा. पंथ बदलला की आईबापांचे घर सुटले. शायलीन वुडली हिने रंगविलेली नायिका ट्रिस हिचा घोटाळा असा, की चाचणी तिला कोणत्याही एका पंथात बसवू शकत नाही, आणि असा निकाल लागणे हाच त्या राज्यात देहांताचा अपराध आहे.

ट्रिस निखाऱ्यांचे पात्र निवडते, आणि निर्भयांची गाडी तिच्या आयुष्यात येते. ही गाडी कोठेही थांबत नाही; चढणारा धावत चढतो, उतरणारा उडी मारून उतरतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, दुसऱ्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला, आणि तेव्हापासून या मुलखाचा सारा संसार रुळांच्या आधाराने वाढला. पण सकाळच्या जलद लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून एकच पाऊल कसेबसे टेकविणारा डोंबिवलीकर स्वतःस निर्भय म्हणवून घेत नाही, त्याला फक्त मस्टरवरची सही गाठावयाची असते. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली कोसळले आणि त्या दिवशी चौघांनी प्राण गमावले. त्यानंतर, दिग्दर्शकाने जिला संगीताची एवढी भरघोस साथ दिली आहे ती उडी मला पूर्वीच्या उत्साहाने पाहवेना.

तथापि खरे साम्य गाडीत नाही, वयात आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल ज्या वयात हाती पडतो तेच हे वय, आणि आपण ज्यांना ‘शाखा’ म्हणतो ते विज्ञान, वाणिज्य आणि कला हे आपले तीन पंथ. फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रॉथबाईंच्या कल्पित राज्यात चाचणीचा निष्कर्ष हा केवळ सल्ला असतो, तो झुगारून मुलगा हव्या त्या पात्राकडे जाऊ शकतो. कल्याणच्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरील टक्के हे फर्मान असते. त्याने ऑनलाइन अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावयाचा, कट-ऑफची वाट पाहावयाची, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही तेथे मुदतीत प्रवेश घेतला नाही तर पुढील नियमित फेऱ्यांतून बाद व्हावयाचे. हा नियम कोणा क्रूर मंत्र्याने नव्हे, रिकाम्या जागांचा हिशेब जुळावा म्हणून दप्तरातील सज्जनांनीच घडविला असावा, आणि म्हणूनच तो कोणास जुलूम वाटत नाही. शिवाय जेथे शतकानुशतके जन्मानेच पंथ ठरवून दिला, तेथील वाचकास, सोळाव्या वर्षी एकदा तरी विचारणारे ते शिकागो उदारच वाटावे.

मराठीत असा चित्रपट झाला काय, असे कोणी विचारील. भविष्यकाळाचा मुखवटा धारण केलेला माझ्या नजरेसमोर नाही. पण कुमारांच्या कादंबरीमालेतून उचललेला आणि याच परीक्षेच्या दारात जाऊन उभा राहिलेला एक आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा तो किरकोळ अंगाचा, सायकलवर उंडारणारा, जिभेने ‘ट्टॉक्’ करणारा पोरगा, १९८७ च्या सुमारास सुमीत राघवनच्या रूपाने दूरदर्शनवर आला, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात आदित्य सरपोतदारांच्या ‘फास्टर फेणे’त अमेय वाघच्या रूपाने मोठ्या पडद्यावर. भागवतांच्या कथांत त्याची गाठ चोराचिलटांशी आणि हेरांशी पडे. चित्रपटातला बनेश मोठा झाला आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आला आहे, आणि तेथे भेटलेल्या एका परीक्षार्थीच्या मृत्यूस आत्महत्या म्हणून सर्वजण मोकळे झाले तरी तो ते मानीत नाही. शोधाची वाट प्रवेशाच्या काळ्या बाजारात जाऊन पोहोचते. दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भागवतांचीच भूमिका त्यात केली आहे, ही योजना मला फार हृद्य वाटली. ज्या लेखकाने या मुलास निर्धास्त हिंडावयास मोकळे मैदान दिले, त्यानेच त्याला या अंधाऱ्या गल्लीत शिरताना पाहावे.

येथे दोन्ही चित्रपटांचे एक वैगुण्य सांगितले पाहिजे. ‘फास्टर फेणे’तला गिरीश कुलकर्णींचा खलनायक आप्पा काय किंवा केट विन्स्लेटची ज्ञानोपासकप्रमुख जेनीन काय, दोघेही नट म्हणून इतके समर्थ आहेत की सारा दोष त्यांच्याच पदरात पडतो. प्रेक्षक खलाच्या पाडावाची वाट पाहतो आणि तो झाला की समाधानाने उठतो. आप्पा गजाआड गेला तरी दुसऱ्या वर्षी परीक्षा आहेच, केंद्र तेच, रांग तीच, आणि फाटकाबाहेर उन्हात तिष्ठणारे आईबापही तेच.

‘अलीजंट’ कादंबरीचे दोन चित्रपट करण्याचा बेत होता. पहिला २०१६ मध्ये आला, तिकीटबारीवर आपटला, आणि दुसरा निघालाच नाही. त्यामुळे पडद्यावरची ट्रिस अर्ध्या वाटेवरच उभी आहे. तिचे पुढे काय झाले हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी वाचनालयातून तिसरा खंड मिळवावा. शेवट मी सांगत नाही. निर्मात्यांस तो चित्रित करण्याचे धैर्य झाले असते की नाही, याची मात्र मला शंका आहे. पुढील आठवड्यात लोइस लाउरींच्या ‘द गिव्हर’कडे, जेथे चाचणीही नाही आणि निवडही नाही.