यमाच्या दारचा कुत्रा

विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. त्याच दिवशी मृतांचा आकडा १३ वर गेला. सगळे करोनाचे रुग्ण. त्याआधी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली होती आणि पुढे ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. एकाच वर्षातल्या या तीन आगी. तिन्ही ठिकाणी माणसे अशी, की ज्यांना उठून पळता येत नाही. अशा माणसांना बाहेर काढायला दुसऱ्या कुणाला तरी वेळेवर जाग यावी लागते. ही जाग विकणारा एक धंदा जगात आहे, आणि त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

त्याची सुरुवात एका फसलेल्या प्रयोगाने झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर येगर नावाचा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होता. युरोपावर युद्धाचे सावट होते. त्याची कल्पना अशी : किरणोत्सर्गाने हवा विद्युतभारित करायची, तिच्यातून बारीकसा प्रवाह वाहू द्यायचा, विषारी वायू आत शिरला की प्रवाहात फरक पडेल. पण वायू सोडला तरी काटा हलेना. वैतागून येगरने सिगारेट पेटवली, अशी कथा सांगतात, आणि काटा हलला! वायूने जे केले नाही ते धुराच्या कणांनी केले होते.

एवढ्याशा फरकाने घंटा वाजवायची कशी, हा प्रश्न एर्न्स्ट मायली याने एक खास नळी बनवून सोडवला. १९४१ मध्ये बाड रागात्स या गावी कंपनी उभी राहिली. तिचे नाव सेर्बेरुस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसलेला तीन तोंडांचा कुत्रा, त्याचे हे नाव. आपल्या ऋग्वेदातही यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत, चार-चार डोळ्यांचे, सरमेचे पुत्र. धुराचा वास घेणाऱ्या यंत्राला याहून नेमके नाव सुचणे कठीण. पुढे ही कंपनी दुसऱ्या एका स्विस उद्योगसमूहाकडे गेली आणि १९९८ मध्ये सीमेन्समध्ये सामावली.

त्याआधी धोक्याची घंटा नव्हती असे नाही. बोस्टन शहरात १८५२ मध्येच रस्तोरस्ती पेट्या बसवून तारायंत्राने आगीची वर्दी द्यायची सोय झाली होती. पण आग आधी माणसाला दिसायला हवी, मग त्याने पेटीपर्यंत धावायला हवे. रात्री झोपलेल्या घरात ते कोण करणार? आगीत बहुतेक माणसे भाजून नव्हे, धुराने गुदमरून मरतात. म्हणून धूर ओळखणे हाच खरा शोध. येगरच्या जातीच्या डब्यांत पुढे अमेरिशियम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य अगदी कणभर वापरू लागले, आणि त्यामुळेच आपल्याकडे त्यांच्यावर थेट अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. भडकणारी आग हा डबा चटकन ओळखतो. धुमसणाऱ्या गादीसाठी मात्र प्रकाशाच्या झोतावर चालणारा दुसरा प्रकार बरा.

आता आपल्या वसईकडे येऊ. गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यातले औद्योगिक गाळे मी बँकेच्या नोकरीत पुष्कळ पायांखाली घातले. तारण मालाची तपासणी म्हणजे प्लॅस्टिकचे दाणे, पुठ्ठे, थिनरचे पिंप मोजणे. आम्ही आगविम्याची पॉलिसी डोळ्यांत तेल घालून बघायचो : रक्कम पुरेशी आहे ना, हप्ता भरला आहे ना, पॉलिसीवर बँकेचे नाव आहे ना. गाळ्यात घंटा आहे का आणि ती वाजते का, याला आमच्या छापील नमुन्यात रकानाच नव्हता. तारण जळाले तर पैसे परत यावेत, एवढीच आमची काळजी. आत झोपणाऱ्या कामगाराचा विमा पॉलिसीच्या त्या कागदात बसत नव्हता.

यंत्र बिचारे इमानी असते. धूर ओळखणाऱ्या डब्यांची तार जिथे संपते, तिथे टोकाला एक छोटासा विद्युतरोधक बसवलेला असतो. त्यामुळे तारेतून सतत थोडा प्रवाह वाहत राहतो; उंदराने तार कुरतडली तरी भिंतीवरच्या पेटीत 'बिघाड' म्हणून दिवा लागतो नि कर्कश आवाज सुरू होतो. म्हणजे आपण आंधळे झालो आहोत हेही ते सांगते. मग पहारेकरी काय करतो? आवाज बंद करायचे बटण दाबतो. दिवा तसाच पिवळा जळत राहतो. पावसाळ्यात ओल शिरून, सणासुदीला उदबत्तीच्या धुराने दोनचार वेळा खोटी घंटा झाली, की कंटाळलेला सेक्रेटरी अख्खी पेटीच बंद करायला सांगतो. अशा पिवळ्या दिव्याच्या पेट्या मी चांगल्या सुशिक्षित सोसायट्यांत पाहिल्या आहेत.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी इमारतीचा मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाकडे द्यायचा. या दाखल्याला 'नमुना ब' म्हणतात. तुमच्या सोसायटीच्या कपाटात तो असेल तर काढून त्यावरची तारीख बघा, आणि मग जिन्याखाली जाऊन पेटीवर कुठला दिवा लागला आहे तेही बघून या.