बाह्य दुवे, ऑनलाइन ज्ञानकोशांतील

ऑनलाइन ज्ञानकोशातील नोंदीवरून वाचकास कोशाबाहेरील संकेतस्थळाकडे नेणारे निर्देश. मुद्रित ज्ञानकोशात नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ देण्याची प्रथा आहे; बाह्य दुवा हे तिचेच विस्तारित रूप होय. मात्र ग्रंथाची छापलेली आवृत्ती बदलत नाही, संकेतस्थळावरील मजकूर केव्हाही बदलू शकतो किंवा नाहीसा होतो. शिवाय विकिपीडियासारख्या (स्थापना २००१; मराठी आवृत्ती २००३) मुक्त ज्ञानकोशात दुवा कोणालाही घालता येतो. या दोन कारणांमुळे शैक्षणिक संकेतस्थळांच्या दुव्यांबाबत संपादकांत वारंवार वाद उद्‌भवले आहेत.

वादाला आर्थिक बाजूही आहे. एखाद्या पानाकडे किती व कोठून दुवे येतात, यावरून शोधयंत्रे त्याचा क्रम ठरवीत असल्याने ज्ञानकोशातील दुव्याला जाहिरातमूल्य प्राप्त झाले. क्रम ठरविताना दुवा जमेस धरू नये, असे दर्शविणारी खूण गूगल आदी शोधयंत्रांनी २००५ मध्ये मान्य केली. जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ती सर्व बाह्य दुव्यांना लावली. त्यामुळे जाहिरातदारांचा एक लाभ कमी झाला. तथापि दुव्यावरून थेट येणाऱ्या वाचकांचे आकर्षण कायम राहिले.

विकिपीडियाच्या धोरणानुसार ज्ञानकोश हा दुव्यांचा संग्रह नव्हे. दुवे मोजके असावेत, प्रताधिकाराचा भंग करणाऱ्या पानांचे नसावेत आणि स्वतःशी संबंधित स्थळाचा दुवा स्वतः न घालता चर्चापानावर सुचवावा, असे संकेत आहेत. एखाद्या शिक्षकाने आपल्या अभ्यासपानांचे दुवे अनेक नोंदींत घातल्यास ती पाने उपयुक्त असूनही दुवे काढले जातात. वाचकाचे हित हाच निकष असावा, असे दुवा घालणाऱ्याचे म्हणणे असते. आपल्याच स्थळाबाबत असा निर्णय निःपक्षपाती राहू शकत नाही, असे संपादकांचे उत्तर असते.

उदाहरणार्थ, जळगाव जिल्ह्यातील फैजपूर या नोंदीचा विचार करता येईल. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेले अधिवेशन हे ग्रामीण भागातील काँग्रेसचे पहिले अधिवेशन होय. त्यातील अध्यक्षीय भाषणाचा दुवा नोंदीस पूरक ठरतो. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटिअरचा दुवाही ग्राह्य होय. कारण येथील कापडावरील रंगकाम व छपाई यांची माहिती त्यात आहे. गावातील महाविद्यालयाच्या अधिकृत स्थळाचा दुवा महाविद्यालयाच्या स्वतंत्र नोंदीत योग्य, पण गावाच्या नोंदीत वादग्रस्त ठरेल. शिकवणी वर्गाचा दुवा दोन्हीकडे वर्ज्य होय.

इंग्रजीत एक दुवा काढला, तरी पर्यायी साधने बहुधा मिळतात. मराठीत ती तुलनेने थोडी असल्याने तोच नियम अधिक जाचक ठरू शकतो; लहान गावातील विद्यार्थ्याला स्वभाषेतील एकमेव विवेचन मिळण्याची वाट त्यामुळे बंद होऊ शकते. श्री. व्यं. केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, मराठी विश्वकोश व राज्य शासनाची गॅझेटिअरे ऑनलाइन उपलब्ध झाल्याने ही उणीव काहीशी भरून निघाली आहे.

दुवे मृत होणे ही दुसरी अडचण होय. २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत बंद पडली, तेव्हा हौशी अभ्यासकांची असंख्य पाने तेथून नाहीशी झाली. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था (स्थापना १९९६) पानांच्या प्रती जतन करते. २०१८ पर्यंत अशा प्रतींच्या आधारे विकिपीडियातील ९० लाखांहून अधिक मृत दुवे पुन्हा उपयोगी करण्यात आले.

बाह्य दुवा आणि संदर्भ यांत भेद केल्यास बरेच वाद मिटतात. दुवा अधिक वाचनासाठी असतो, संदर्भ विशिष्ट विधानास आधार देतो. म्हणून बाहेरील पानातील विश्वसनीय माहिती स्वतःच्या शब्दांत नोंदीत घेऊन ते पान संदर्भ म्हणून नमूद करणे अधिक हितावह असते. दुवा पुढे मृत झाला, तरी ज्ञान वाचकापाशी राहते.