अंतर आकाशातले आणि जमिनीवरचे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत 10 जून रोजी लंडनला पोहोचले. आज तोच प्रवास नऊ-दहा तासांत होतो. पृथ्वी तसूभरही आकसलेली नाही. आकसला आहे तो काळ. यंत्रविद्येच्या या पराक्रमाचे कौतुक कोणास वाटणार नाही?

परंतु हा काळ सर्वांसाठी सारखाच आकसला आहे काय? मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात लोहारदा नावाचे लहानसे नगर आहे. देवास म्हटले की पवारांची दोन संस्थाने आणि 1948 साली तेथे येऊन राहिलेले कुमार गंधर्व आठवतात. लोहारद्याचे नाव मात्र आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेही नसेल. तेथील एखाद्या घरातील मुलगा लंडनला असेल आणि वडील अत्यवस्थ असल्याची वार्ता त्यास गेली, तर मुंबई वा दिल्ली गाठावी, इंदूरच्या विमानाची वाट पाहावी आणि इंदूरहून रस्त्याने गाव गाठावे, असा त्याचा प्रवास. वडिलांची अखेरची भेट होणार की नाही, हे विमानाच्या वेगापेक्षा या शेवटच्या टप्प्यावरच अधिक अवलंबून असते.

काळ लांबविणारे दुसरे कारण राजकीय. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. गोमंतकीयांस हा अनुभव नवा नाही. 1955 साली गोव्याची रेल्वे सरहद्दीवर थांबली, शेजारचे बेळगाव परके झाले आणि दाबोळीहून उडणारी पोर्तुगीज विमाने कराचीची वाट धरू लागली. ते कुंपण 1961 साली मोडले, तेव्हाच बेळगाव पुन्हा जवळ आले.

आकाशातील कुंपणे मोडणे एकट्या आपल्या हाती नाही. विमानतळापासून गावापर्यंतची वाट सुधारणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ 2005 च्या सुमारास मोडीत काढले. सरकारी बससेवा पुन्हा उभारण्याचा निर्णय व्हावयास 2025 साल उजाडले. मध्यंतरी विमानतळांवर मात्र खर्चाची कमतरता नव्हती. गोव्यातही मोपा विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून वाहतुकीस खुला झाला; परंतु रात्री उतरणाऱ्या सामान्य प्रवाशाने काणकोण वा सत्तरीतील आपले घर स्वस्तात कसे गाठावे, याचा विचार विमानतळाइतक्याच आस्थेने व्हावयास हवा. विमानाच्या वेळापत्रकाशी बसचे वेळापत्रक जुळविणे हे काही अवघड शास्त्र नव्हे. ते जुळवावे, एवढीच आमची राज्यकर्त्यांकडे मागणी आहे.