शस्त्र घासताना काळा थर जपा

खंडेनवमीला लातूरकडच्या जुन्या वाड्यांत तलवारी खाली उतरतात. परवाना असलेल्या घरी आजोबांची बंदूकही. दिवाळीत नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात तख्तस्नान होते, तेव्हा गोदावरीचे पाणी आणून जुनी शस्त्रे स्वच्छ केली जातात. घरी मात्र अनेकदा तांब्याच्या भांड्यासारखे चिंच-लिंबाने घासले जाते, आणि नुकसान होते ते इथेच.

लोखंडावरचा तांबूस गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खोल पसरत जातो. बंदुकीच्या नळीवरचा निळसर काळा थर बहुधा कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. त्याची एक जुनी पद्धत अशी: नळीवर बारीक गंज येऊ द्यायचा, मग ती पाण्यात उकळायची. तांबडा गंज काळ्या, घट्ट मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. आंबट पदार्थ गंजाबरोबर हा थरही काढून टाकतात.

म्हणून आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. घामातल्या मिठाने गंज वाढतो, त्यामुळे हातमोजे घालावेत. शिवणयंत्राचे तेल लावून मऊ फडक्याने गंज हलकेच पुसावा. कोरडा खरवडू नये, धूळ छातीत जाते. पूजेच्या हळदी-कुंकवाची ओल त्याच दिवशी टिपून तेलाचा पातळ हात फिरवावा.