अधिछात्रवृत्ती आणि खान्देशातील जीववैद्यक संशोधक
खान्देशातील आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये पुणे विद्यापीठापासून वेगळे विद्यापीठ निघाले, ज्याला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, आणि जीवशास्त्रात किंवा औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करण्याची सोय घराजवळ झाली. अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधनकाळातील दरमहा विद्यावेतन, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था देतात. प्रयोगशाळेतील खरी अडचण मात्र निराळीच असते: अभिकर्मके, म्हणजे चाचण्यांत लागणारी रसायने, महाग असतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विज्ञान शाखेतील कनिष्ठ अधिछात्राला त्यासाठीचे सादिलवार अनुदान वर्षाला १२,००० रुपये मिळते, जे तुटपुंजेच म्हणावे लागेल. तरीही स्थानिक संशोधकाचे महत्त्व मोठे आहे: सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार आणणारा आनुवंशिक विकार, आढळतो. त्याच्या अभ्यासात रक्तनमुन्यासाठी संमती घेताना पावरी बोलणारा संशोधक असला, तर रुग्णाला निदान प्रश्न तरी विचारता येतो. भिल्ल-पावरांसारख्या अनुसूचित जमातींतील अशा संशोधकांसाठी केंद्राच्या योजनेत दरवर्षी ७५० अधिछात्रवृत्त्या असून त्यांसाठीची निवड पदव्युत्तर परीक्षेतील गुणांवर होते.