पीज : चारशे गावांचा टीव्ही

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियादजवळ पीज नावाचं गाव आहे. १९७५ साली तिथं एक किलोवॅटचा, म्हणजे अगदी कमी ताकदीचा ट्रान्समीटर बसला आणि आसपासच्या सुमारे चारशे गावांना हक्काचं टीव्ही केंद्र मिळालं. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांनी टीव्हीचा पडदाही पाहिला नव्हता, त्या काळात चरोतरातला, म्हणजे याच खेडा भागातला शेतकरी आपल्या बोलीतले कार्यक्रम रोज संध्याकाळी बघत होता.

हे केंद्र चालवत होती इस्रो. विक्रम साराभाईंच्या मनात उपग्रहाचा पहिला उपयोग खेड्यांसाठी व्हावा असं होतं. त्यातूनच १९७५-७६ चा ‘साइट’ प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवण्याच्या या प्रयोगाचे व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. पुढे ते अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले. साइटची झेप अफाट होती, पण आकाशातून येणारा कार्यक्रम एका वेळी शेकडो गावांसाठी असतो. त्या गावांची पिकं वेगळी, बोली वेगळी, भांडणं वेगळी. खेडा जिल्ह्यात नेमकी उलटी वाट धरली गेली : मुलूख छोटा ठेवायचा आणि त्याच्या खोलात शिरायचं.

टीव्ही ठेवायचा कुठं, हा प्रश्न खेडा जिल्ह्यात आधीच सुटलेला होता. हा अमूलचा जिल्हा. गावोगाव दूध सहकारी मंडळी होती, तिला स्वतःची इमारत होती आणि दिवसातून दोनदा सारं गाव तिथं येतच होतं. सहाशेच्या वर सार्वजनिक संच अशा गावांत बसवले गेले, त्यांतले बरेचसे मंडळीच्या आवारात. संध्याकाळचं दूध घालून व्हायचं, किटल्या रिकाम्या व्हायच्या आणि माणसं तिथंच टेकायची. ज्या रांगेत पाटीदार आणि इतर जातींची माणसं दूध घालायला एकामागे एक उभी राहत, त्याच आवारात ती एकत्र टीव्ही बघणार, ही या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तरी ज्याच्या दावणीला जनावरच नाही, त्या भूमिहीन मजुराचे पाय तिकडे तितक्या सहज वळणार नाहीत, हेही उघड होतं.

कार्यक्रम अहमदाबादच्या स्टुडिओत तयार होत आणि तिथून पीजला पाठवले जात. रोज काही वेळ स्थानिक कार्यक्रम, उरलेला वेळ दिल्लीचं प्रक्षेपण. जाहिरात नव्हती. निर्मात्यांच्या जोडीला समाजशास्त्राचे अभ्यासक असत. संहिता लिहिण्याआधी ते गावात जाऊन बसत, लोकांना काय ठाऊक आहे, काय खटकतं ते विचारत, आणि प्रक्षेपणानंतर ते कितपत पोहोचलं हे पाहायला पुन्हा जात. उचलून नेता येणारे व्हिडिओ कॅमेरे तेव्हा नुकतेच आले होते. त्यामुळे चित्रीकरण गावातच करता येई, आणि गावातली माणसं स्वतः भूमिका करत.

‘चतुर मोटा’ या मालिकेत हुंडा आणि विधवेचा पुनर्विवाह असे विषय आले. ‘हूं ने मारा ए’ नवराबायकोच्या नात्यातून कुटुंबनियोजनाकडे जाई. पण मला सर्वांत धीट वाटते ती ‘दाद फरियाद’. यात गावकऱ्याने कॅमेऱ्यासमोर आपली तक्रार मांडायची आणि संबंधित अधिकाऱ्याने त्याच पडद्यावर उत्तर द्यायचं. कचेरीत खेटे घालून ज्याला साहेबाचं दर्शन होत नाही, त्याचा प्रश्न आता चारशे गावांच्या देखत साहेबापुढे येत होता. उत्तर उडवाउडवीचं असेल तर तेही सगळ्यांना दिसणार! सरकारी पैशावर उभ्या असलेल्या केंद्राने सरकारी माणसाला असं उभं करावं, आणि तेही ज्या दशकात आणीबाणी लागली त्या दशकात, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

१९८४ मध्ये ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा आयपीडीसी पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. तोवर देशातलं टीव्हीचं वारं मात्र पार फिरलं होतं. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत चित्र आलं, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, इन्सॅट-१बीमुळे देशभर ट्रान्समीटरांचं जाळं पसरू लागलं. प्रत्येक शहराला तोच कार्यक्रम हवा होता आणि दूरदर्शनला जाहिरातींतून पैसा दिसू लागला होता. या हिशेबात चारशे खेड्यांच्या केंद्राला जागा उरली नाही. १९८५ मध्ये पीजचा ट्रान्समीटर मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्याचं ठरलं. खेडा जिल्ह्यातल्या लोकांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही.

इथं एक फरक मनात सलत राहतो. त्याच जिल्ह्यात, त्याच माणसांची दूध मंडळी टिकली, वाढली. कारण ती सभासदांच्या मालकीची होती. तिथला अध्यक्ष निवडून यायचा, नफ्यातला वाटा घरी यायचा. टीव्हीत गावकऱ्यांना बोलायला मिळालं, अभिनय करायला मिळाला, जाबही विचारता आला, पण ट्रान्समीटर कुणाचा, या प्रश्नाच्या उत्तरात ते कधीच नव्हते. कार्यक्रम त्यांचे होते, यंत्र दिल्लीचं होतं. म्हणून ते उचलून नेताना त्यांची संमती लागली नाही.

कार्यक्रम करणारा गट मात्र विखुरला नाही. इस्रोने त्याचा विकास आणि शैक्षणिक संवाद विभाग केला होता. नव्वदच्या दशकात याच विभागाने मध्य प्रदेशातल्या झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात दीडशे गावांसाठी प्रकल्प उभारला. कार्यक्रम उपग्रहावरून येत, आणि विकासगट पातळीवरच्या केंद्रांतून गावकऱ्यांना अहमदाबादच्या स्टुडिओतल्या तज्ज्ञांना उलट प्रश्न विचारता येत.