भांडी घासणारे हात दिग्दर्शनापर्यंत

सिडनी पॉइटिए यांचा जन्म १९२७ सालचा. बहामा बेटांवर टोमॅटो पिकवणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याचा हा मुलगा. शाळा जेमतेमच. न्यूयॉर्कला येऊन ते हॉटेलात भांडी घासू लागले. अमेरिकन निग्रो थिएटरने त्यांना आधी परत पाठवले, कारण नीट वाचता येत नव्हते आणि बोलणे बेटावरचे. पण ते खचले नाहीत. रेडिओ ऐकून त्यांनी उच्चार सुधारले. हॉटेलातला एक वयस्कर ज्यू वेटर रात्री काम आटोपल्यावर शेजारी बसून त्यांच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेई.

'लिलीज ऑफ द फील्ड'साठी १९६४ साली त्यांना ऑस्कर मिळाले. प्रमुख भूमिकेसाठी हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते.

पण आपल्या माणसांची कथा नेहमी दुसऱ्यांनीच का सांगावी? १९७२ च्या 'बक अँड द प्रीचर'पासून ते दिग्दर्शक झाले. गुलामीतून सुटून नव्या जमिनीच्या शोधात निघालेल्या कुटुंबांची ही कथा. पुढे १९८० च्या त्यांच्या 'स्टर क्रेझी'ने अमेरिकेत दहा कोटी डॉलरवर गल्ला जमवला.

६ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत शाळा सुटलेले एखादे पोर असेलच. त्याच्या हाती वर्तमानपत्र द्या आणि रोज अर्धा तास शेजारी बसा.